उंचीचा अधिभार : शिरीष पटेल यांचे बांधकाम आणि त्यांचे लेखन

आपल्याकडे इमारतीला नाव असते, तिच्या मालकाला नाव असते, अलीकडे वास्तुरचनाकारालाही असते. ती इमारत वाऱ्यात आणि भूकंपात उभी कशी राहणार याचे गणित ज्याने मांडले, त्या अभियंत्याचे नाव मात्र बहुधा कोणाच्या लक्षात नसते. विश्वेश्वरय्या हा मोठा अपवाद. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे पुणेकरांच्या कायम परिचयाच्या झालेल्या या माणसाच्या जन्मदिवशी आपण अभियंता दिन साजरा करतो, आणि तिथेच आपली अभियंत्यांविषयीची सांस्कृतिक जबाबदारी संपली असे मानतो. धरणाच्या अभियंत्याला निदान एवढे तरी मिळाले. उंच इमारतींच्या अभियंत्याच्या वाट्याला तेही येत नाही.

शिरीष पटेल २०२४च्या डिसेंबरमध्ये वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी गेले. ‘नवी मुंबईचे एक शिल्पकार’ अशी त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी दिली गेली. ती खरी आहे, पण अपुरी आहे. पटेल हे भारतातील उंच इमारतींच्या पहिल्या फळीतील संरचना अभियंते होते. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात, गरिबांची घरे म्हणून उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींचे ते सर्वांत चिकाटीचे टीकाकार झाले. उंची साधणारा आणि उंचीवर आक्षेप घेणारा हे दोन पटेल वेगळे होते काय, की दोघांच्या मागे एकच विचार होता, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. वाडे उतरवून मजले चढवण्याच्या घाईत असलेल्या सदाशिव पेठेसारख्या भागाला हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही.

पोलादाचा हिशोब

पटेलांचे काम समजण्यासाठी आधी त्यांच्या एका समकालीनाकडे जावे लागते. फझलूर रहमान खान १९२९ साली आजच्या बांगलादेशात जन्मले, कोलकात्याजवळ शिबपूरला आणि ढाक्याला शिकले, १९५२ साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले आणि १९५५ साली शिकागोच्या ‘स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल’ या संस्थेत दाखल झाले. आजच्या गगनचुंबी इमारतींचा पाया ज्या विचारावर आहे, तो प्रामुख्याने त्यांचा.

खान यांचा मूळ प्रश्न साधा होता. इमारत फक्त स्वतःचे वजन पेलत असती, तर मजल्यांच्या प्रमाणात पोलाद वाढले असते. पण उंचीबरोबर वाऱ्याचा आडवा जोर झपाट्याने वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी जादा पोलाद घालावे लागते. या जादा खर्चाला त्यांनी ‘उंचीचा अधिभार’ मानले. खांब आणि तुळयांची जुनी चौकट सांगाड्याच्या पोटात वाऱ्याशी झुंजत असे. खान यांनी हा सारा प्रतिकार इमारतीच्या बाहेरच्या कडेला आणला. बाहेरचे खांब जवळजवळ उभे करून आणि एकमेकांना घट्ट जोडून त्यांनी संपूर्ण इमारतीची एक पोकळ नळी केली. पोकळ बांबू भरीव काठीपेक्षा कमी मालात अधिक ताठ राहतो, तोच न्याय. १९६०च्या दशकाच्या मध्यास शिकागोत ४३ मजल्यांच्या निवासी इमारतीत त्यांनी हे तत्त्व वापरले. पुढे १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरमध्ये त्यांनी बाहेरच्या भिंतीवर अवाढव्य तिरके पट्टे घातले. १९७४ साली पूर्ण झालेल्या ११० मजली, ४४२ मीटर उंच सिअर्स टॉवरमध्ये नऊ चौरस नळ्या मोळीसारख्या एकत्र बांधल्या. खान १९८२ साली जेद्दाह येथे वारले. दुबईचा बुर्ज खलिफा त्याच संस्थेच्या पुढच्या पिढीने उभारला.

अधिभार हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. उंचीची किंमत असते, ती कोणालातरी द्यावी लागते आणि ती मोजता येते, हे खान यांनी व्यवसायाला शिकवले. ती किंमत त्यांनी पोलादाच्या वजनात मोजली. त्यांच्यापुढची जागा शिकागोची होती आणि प्रश्न पोलादाचाच होता. मुंबईत मात्र या अधिभाराचे दुसरे खाते उघडणार होते.

कांचनजंगा

पटेल केंब्रिजला शिकले, परतले आणि १९६० साली त्यांनी मुंबईत स्वतःची सल्लागार संस्था काढली. १९६५ साली केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल झाला. पूर्वताणित काँक्रीटचा हा पूल देशातील पहिला उड्डाणपूल म्हणून ओळखला जातो आणि त्याची रचना पटेलांची. त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो मुंबईकरांना ते नाव ठाऊक नाही.

त्या पुलापासून फार लांब नाही अशा पेडर रोडवर कांचनजंगा उभी आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, त्यांच्यासोबत प्रवीणा मेहता, आणि संरचना शिरीष पटेल यांची. १९७० ते १९८३ असा तिचा काळ. २१ मीटर चौरस तळावर ८४ मीटर उंची, म्हणजे अचूक एकास चार. २८ मजले आणि सदनिका अवघ्या ३२. वास्तुकलेच्या पुस्तकांत तिचे वर्णन कोरियांच्या बाजूने येते. मुंबईत वारा आणि दृश्य पश्चिमेला, पण दुपारचे ऊन आणि मोसमी पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय शोधला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दुप्पट उंचीच्या गच्चीच्या रूपाने इमारतीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

आता अभियंत्याच्या बाजूने हेच पाहू. चौकोनी इमारतीचे कोपरे ही तिची ताकदीची जागा. खान यांच्या नळीत तर बाहेरची कडा हाच जीव. कांचनजंगेला नेमके तेच कोपरे कोरून रिकामे हवे होते, आणि गच्च्यांसाठी ६.३ मीटर लांबीचे भाग खाली खांब न देता बाहेर काढायचे होते. पटेलांनी वाऱ्याचा आणि भूकंपाचा प्रतिकार मध्यभागी नेला. लिफ्ट सामावणारा ७.८ मीटरचा काँक्रीटचा गाभा हाच इमारतीचा कणा झाला. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाने पश्चिम महाराष्ट्रातील बांधकामाचा आत्मविश्वास हलवला होता. त्यानंतर तीनच वर्षांत हे काम हाती घेतले गेले हेही ध्यानात ठेवावे.

हा गाभा बांधण्याची पद्धतही नवी होती. साचा उभारायचा, काँक्रीट ओतायचे, ते आवळले की साचा खोलून वरच्या मजल्यावर पुन्हा जोडायचा, ही रूढ रीत. इथे गाभ्यासाठी सरकता साचा वापरला. माणसाच्या उंचीच्या आतबाहेरचा हा साचा जॅकच्या जोरावर हळूहळू वर सरकत राहतो, वरून काँक्रीट पडत राहते आणि खालून घट्ट झालेली भिंत बाहेर पडत राहते. बाकीच्या इमारतीच्या पुढे धावत गाभा आधी वर गेला आणि मजले मागाहून त्याला बिलगले. बहुमजली इमारतीसाठी हे तंत्र भारतात पहिल्यांदा वापरले गेले ते इथे.

म्हणजे ज्या मोकळ्या कोपऱ्यांसाठी कांचनजंगा प्रसिद्ध आहे, ते मोकळेपण गाभ्याने परवडवले आहे. कलाकृती म्हणून या इमारतीची समीक्षा करताना तिच्यावर दोन सह्या आहेत असे मानले पाहिजे. एका सहीने काय हवे ते सांगितले आणि दुसरीने ते शक्य केले.

खाडीपलीकडचा आराखडा

कोरिया, मेहता आणि पटेल हे त्रिकूट कांचनजंगेच्या आधीच एकत्र आले होते. मुंबई महापालिकेचा विकास आराखडा १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यावरील प्रतिक्रिया म्हणून या तिघांनी १९६५ साली ‘मार्ग’ या कलाविषयक त्रैमासिकात पर्यायी कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत गेली तर दक्षिणेकडची कार्यालये आणि उत्तरेकडची घरे यांच्यामधली लोकल रोज गुदमरणार. त्याऐवजी खाडी ओलांडून पूर्वेला नवे शहर वसवावे, सरकारने जमीन ताब्यात घ्यावी, आणि सुविधा झाल्यावर वाढलेल्या किमतीतूनच त्या सुविधांचा खर्च भागवावा. एका कलाविषयक नियतकालिकातल्या लेखातून शहर जन्माला येण्याची ही आपल्याकडची दुर्मीळ घटना. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ३४४ चौरस किलोमीटर आणि ९५ गावे एवढी तिची व्याप्ती होती. कोरिया मुख्य वास्तुरचनाकार आणि पटेल नियोजन व बांधकामाचे संचालक झाले. १९७४च्या सुमारास दोघेही तिथून बाहेर पडले.

या आराखड्याचे परीक्षण करताना दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. पहिली, ज्या नव्या राजधानीवर त्याची भिस्त होती ती कधी झालीच नाही. सरकारी कार्यालये खाडीपलीकडे गेली असती तर त्यांच्यामागे खासगी कचेऱ्या गेल्या असत्या. मंत्रालय जागचे हलले नाही आणि नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून नवे मनोरे मात्र उठले. हे अपयश राज्यकर्त्यांचे.

दुसरी गोष्ट आराखड्याच्याच पोटातली आहे. त्याच्या केंद्रस्थानी मुंबईची गर्दी होती. पलीकडच्या तीरावर भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर जगणारे आगरी-कोळी समाज होते, आणि त्यांच्या जमिनीच्या वाढीव किमतीवरच साऱ्या योजनेचे अर्थकारण उभे होते. सरकारने स्वस्तात घ्यायचे आणि महागात विकायचे, यातला फरक शहराला मिळणार. मूळ मालकाला काय, या प्रश्नाचे उत्तर पुरेसे नव्हते. ते उत्तर रस्त्यावर मागितले गेले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील उरण परिसरातील आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी प्राणाला मुकले. विकसित जमिनीतून साडेबारा टक्के वाटा परत देण्याची पद्धत त्या लढ्यातून आली. तोवर पटेल सिडकोत नव्हते, त्यामुळे तो दोष त्यांच्या अंगावर टाकणे अन्यायाचे. पण हिशोबात जो धरला गेला नाही तो पुढे हिशोब मागायला येतो, हा धडा त्यांच्या सर्वांत मोठ्या कामातून निघतो. त्यांचे नंतरचे सारे लेखन ‘हिशोबात कोण धरलेले नाही’ याचाच शोध घेते.

चटईवर किती जण?

निवृत्तीच्या वयात पटेलांनी लेखणी हाती घेतली. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये २००५ साली मुंबईच्या घरांच्या धोरणावर, २०१० साली धारावीवर आणि २०१३ साली एफएसआयच्या वापर-गैरवापरावर त्यांनी लिहिलेले लेख हे त्यांच्या उत्तरायुष्याचे बांधकाम म्हणायला हरकत नाही.

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचा आकडा. मराठी प्रतिशब्दात अनवधानाने एक खुबी आली आहे. हा आकडा चटई किती मोठी ते सांगतो. चटईवर किती जण निजतात ते सांगत नाही. पटेलांच्या युक्तिवादाचा गाभा हाच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २,००० चौरस मीटरचा भूखंड आणि एफएसआय दोन, म्हणजे ४,००० चौरस मीटर बांधकाम. १२५ चौरस मीटरची एक अशी घरे केली तर ३२ कुटुंबे, चार माणसांप्रमाणे १२८ रहिवासी. २५ चौरस मीटरची घरे केली तर १६० कुटुंबे, ६४० रहिवासी. निम्मा भूखंड मोकळा सोडला आहे असे धरले, तर पहिल्या इमारतीत माणशी सुमारे पावणेआठ चौरस मीटर मोकळी जमीन येते आणि दुसऱ्या इमारतीत दीडच्या आसपास. एफएसआय दोन्हीकडे तोच, उंची तीच, आणि राहण्याचा अनुभव दोन वेगळ्या जगांतला.

आता कांचनजंगेचा उलगडा होतो. २८ मजल्यांत ३२ कुटुंबे असलेली इमारत आकाशात उंच असली तरी जमिनीवर विरळ आहे. तेवढ्याच मजल्यांत शेकडो कुटुंबे कोंबलेली पुनर्वसन इमारत त्याच उंचीची असून जमिनीवर कमालीची दाट असते. मनोरा बांधणारे पटेल आणि मनोऱ्यांना विरोध करणारे पटेल यांच्यात विसंगती दिसते ती आपण उंची पाहतो म्हणून. ते माणशी जमीन पाहत होते.

‘मॅनहॅटनमध्ये एफएसआय इतका, मग मुंबईत का नको’ हा बांधकाम व्यवसायाचा आवडता प्रश्न. त्यावर पटेलांचे म्हणणे असे, की तिथले रस्ते, पदपथ आणि उद्याने आधी आखलेली आहेत आणि एकेका माणसाच्या वाट्याला घरातली जागाही कितीतरी अधिक येते. म्हणून तिथली दुप्पट-तिप्पट चटई म्हणजे दुप्पट-तिप्पट माणसे नव्हेत. घरातली गर्दी, रस्त्यावरची गर्दी, उद्यानातली गर्दी, शाळा-दवाखान्यातली गर्दी असे वेगवेगळे आकडे मांडा आणि मग एफएसआय ठरवा, असा त्यांचा आग्रह होता.

खान यांनी उंचीचा अधिभार पोलादात मोजला, पटेलांनी तो पदपथात मोजला. पोलादाचा अधिभार मालक भरतो, म्हणून तो कमी करण्यासाठी अभियंत्याला पैसे मिळतात. पदपथाचा अधिभार बाहेरचे सगळे मिळून भरतात, म्हणून तो मोजण्यासाठी कोणी कोणाला नेमत नाही. पटेलांनी हे काम कोणी न नेमता केले, हे त्यांच्या लेखनाचे मोठेपण.

हा अधिभार कधी शरीरालाही भरावा लागतो. पूर्व मुंबईच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेल्या आणि २०१८ साली पुढे आलेल्या अभ्यासाने एकमेकींना खेटून उभ्या इमारती, खालच्या मजल्यांवर न पोहोचणारा उजेड-वारा आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवला. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या कुटुंबाला तिथे क्षय व्हावा, यापेक्षा एफएसआयच्या आकड्याचे आंधळेपण आणखी कोणत्या पुराव्याने दाखवायचे?

युक्तिवादाची मर्यादा

तरीही पटेलांचे सगळे म्हणणे मान्य करून मोकळे होता येत नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाला त्यांनी घनतेच्या मुद्द्यावर विरोध केला. १९२०च्या दशकातल्या या चाळींत घर म्हणजे १६० चौरस फुटांची एक खोली, आणि संडास सामाईक. रहिवाशांना त्याऐवजी ५०० चौरस फुटांचे घर देऊ केले गेले. पहाटे रांगेत उभे राहून ज्या बाईचे आयुष्य गेले, तिला माणशी मोकळ्या जमिनीचा आकडा सांगून थांबवायचे कोणत्या तोंडाने?

पटेलांचे उत्तर असे असते, की घर मोठे देऊ नका असे मी म्हणत नाही. रहिवाशांच्या घरांबरोबर त्याच जमिनीवर विक्रीचे मनोरे चढवू नका असे म्हणतो. तर्क बिनतोड आहे. पण विक्रीचे मनोरे नसतील तर घरांचा पैसा सरकारने द्यायचा, आणि तो सरकार देईल यावर चाळीतल्या कोणाचा विश्वास नाही. तो विश्वास का उरला नाही, हे पटेलांच्या आकडेवारीत येत नाही. त्यांच्या लेखनात माणसे दरडोई येतात, नावानिशी येत नाहीत. त्यांची शैली कोरडी, क्रमबद्ध, अभियंत्याच्या टिपणासारखी आहे. ती भावनेला आवाहन करीत नाही, हे तिचे बळ. आणि ज्यांच्यासाठी ती लढते त्यांना ती आपली वाटत नाही, हे तिचे दौर्बल्य. हे सारे लेखन इंग्रजीत झाले. ज्या भाषेत चाळीची बैठक भरते आणि बिल्डरचा करार वाचून दाखवला जातो, त्या भाषेत ते वेळेवर पोहोचले नाही. हा दोष एकट्या लेखकाचा नाही, आपल्या नियतकालिकांचाही आहे.

सदाशिव पेठ

थोरल्या माधवरावांच्या काळात वसलेल्या आणि भाऊसाहेबांचे नाव धारण करणाऱ्या या पेठेत मोजणीची एक जुनी पद्धत होती. दोन लाकडी खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घर किती खणांचे यावरून त्याची ऐपत कळे. खणाची लांबी तुळईच्या ताकदीने ठरलेली असे. म्हणजे संरचनेचे माप तेच राहण्याचे माप होते. मधल्या चौकातून उजेड, वारा आणि पावसाचे पाणी येई, आणि तो चौक ही सर्वांच्या वाट्याची मोकळी जमीन असे. पटेलांचा दरडोई हिशोब वाड्याने न मांडता पाळलेला होता.

वाड्यांची पडझड कशी झाली हे इथल्या वाचकांना सांगायला नको. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही, आणि वारसांची संख्या खणांपेक्षा जास्त झाली. अशा वाड्याला कवटाळून बसा, असे गळती लागलेल्या माळवदाखाली न राहणाऱ्याने सांगू नये. पुनर्विकास होणारच. डिसेंबर २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीने आणि मेट्रो स्थानकांपासून ५०० मीटरच्या परिघात, रस्त्याची रुंदी व भूखंडाचे क्षेत्र पाहून, चारपर्यंत एफएसआय देण्याच्या धोरणाने त्याला वेगही आला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचली आणि मंडईचे स्थानक पेठांच्या उंबऱ्याशी आले.

इथे पटेलांचे मोजमाप जसेच्या तसे लावले तर फसगत होईल. समजा, ५०० चौरस मीटरच्या वाड्यात एकेकाळी दहा कुटुंबे, पन्नास माणसे होती. तीन एफएसआयने १,५०० चौरस मीटर झाले आणि ६० चौरस मीटरची २५ घरे निघाली. आजच्या कुटुंबात तीन माणसे धरली तर ७५ होतात. मुले कोथरूडला किंवा परदेशी असलेल्या घरांत त्याहूनही कमी. माणसांची गर्दी म्हणावी तशी वाढत नाही. वाढतात त्या गाड्या. पंचवीस घरांच्या पंचवीस मोटारी आणि पन्नास दुचाकी ज्या गल्लीत उतरतात, ती गल्ली पालखी आणि बैलगाडीच्या मापाची आहे. मुंबईचा आकडा दरडोई मांडावा लागतो. पेठेचा आकडा दर गाडीमागे मांडावा लागेल. शिवाय ही वाढ एका भूखंडापुरती पाहिली की क्षुल्लक दिसते. गल्लीतले दहा वाडे एकामागून एक उठले की अग्निशमन बंबाला आत यायला वाट उरत नाही, आणि त्या दहापैकी कोणत्याही एका मंजुरीत ती गोष्ट लिहिलेली नसते.

आज वाड्याच्या बैठकीत चर्चा होते ती कार्पेट किती, पार्किंग किती, कॉर्पस किती आणि ताबा कधी याची. हे प्रश्न रास्तच आहेत. पटेलांच्या आयुष्याचा आपल्यावर काही परिणाम व्हायचा असेल, तर त्या यादीत आणखी चार ओळी वाढवाव्यात. घरे झाल्यावर या गल्लीत एकूण माणसे किती होतील? गाड्या किती? माणशी मोकळी जमीन किती उरेल? आणि तळमजल्यावरच्या खोलीत दुपारी दिवा न लावता वाचता येईल का? या चार ओळींची उत्तरे काढायला अभियंता लागत नाही. बेरीज, भागाकार आणि एक दुपार पुरते. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने ती गल्लीगणिक काढून दारावर लावावीत, आणि ते लावत नसेल तर रहिवाशांनी स्वतः काढावीत. उंचीचा अधिभार कोणीतरी भरणारच आहे. तो किती आहे, हे निदान भरणाऱ्याला सही करण्याआधी कळले पाहिजे.